उन्हाळ्यात अ‍ॅम्प्लिफायर गुरगुरतो: डबा विकत घेण्याआधी मीटर काढा

एप्रिल लागला, कूलरच्या ताट्या बदलल्या, की आठवड्याभरात आमच्या हॉलमधल्या स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ सुरू व्हायचं. दुपारी सहन होण्याइतकं, रात्री नऊ-साडेनऊला त्रास देणारं. कूलरचा पंप चालू-बंद झाला की स्पीकरमध्ये ‘टक्’. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वात तापत्या नऊ दिवसांत, तर कधीकधी अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच बंद पडायचा. जुलैत पाऊस स्थिरावला की सगळं आपोआप निवळायचं आणि दिवाळीपर्यंत मी ते विसरूनही जायचो. असं तीन वर्षं चाललं. तीन उन्हाळ्यांत तीन डबे घेतले, दोन स्टॅबिलायझर आणि एक पॉवर कंडिशनर, आणि चौथ्या उन्हाळ्यात कळलं की त्यांतल्या एकाचीही तेव्हा गरज नव्हती.

घर नागपुरात मानेवाड्याकडचं, पहिला मजला, वायरिंग १९९२ सालचं. जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, आत जाडजूड टोरॉइडल (कड्यासारखा गोल) ट्रान्सफॉर्मर, सोबत रेकॉर्ड वाजवणारं टर्नटेबल, डॅक (डिजिटल सिग्नलचा ऑडिओ सिग्नल करणारी पेटी) आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स. फार महागडं काही नाही. पण शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्याला ही गुरगुर जरा जास्तच लागते. काळी एकच्या तानपुऱ्यात पंचमाची तार साधारण १०४ हर्ट्झला बोलते. विजेच्या ५० हर्ट्झची दुप्पट १००. दोन्ही एकदम कानावर पडले की सेकंदाला चारेक झोके येतात, आणि तानपुरा उतरलाय असं वाटत राहतं. मी कितीतरी दिवस रेकॉर्डिंगलाच दोष देत होतो.

पहिल्या वर्षी रिलेवाला स्टॅबिलायझर आणला. गुरगुर तशीच, वर त्याची स्वतःची ‘खट्-खट्’ सुरू झाली. दुसऱ्या वर्षी सर्वो स्टॅबिलायझर. व्होल्टेज छान स्थिर, गुरगुर तशीच. तिसऱ्या वर्षी जाड वायर आणि चकचकीत पॅनलचा पॉवर कंडिशनर. तो पाहून आई म्हणाली, “एवढ्या पैशात घराले दुसरा कूलर आला असता रे.” कंडिशनर लावला, गाणं लावलं, आणि ‘हूंऽऽ’ हजर. आईला काही बोललो नाही.

आधी आवाज ओळखा

यात माझी मुख्य चूक होती. मी चार वेगवेगळ्या तक्रारींना एकच नाव दिलं होतं: “लाइट खराब आहे.” आता कुणी विचारलं तर आधी कान लावायला सांगतो. गुरगुर स्पीकरमधून येतेय की अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीतून? पेटीतून येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचा यांत्रिक आवाज, त्याचा स्पीकरशी संबंध नाही. त्याबद्दल शेवटी लिहितो.

स्पीकरमधून येत असेल तर मागच्या सगळ्या इनपुटच्या तारा काढा, पण अ‍ॅम्प्लिफायर बंद करून. नाहीतर जो धडाका होतो त्याने ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, जातो. मग चालू करा. काहीच जोडलेलं नसताना गुरगुर असेल आणि व्हॉल्यूम फिरवून फरक पडत नसेल, तर संशय अ‍ॅम्प्लिफायरच्या आत. पंधरा-वीस वर्षांच्या यंत्रात फिल्टरचे कपॅसिटर सुकतात आणि १०० हर्ट्झची घरघर आत शिरते. आपल्याकडच्या गरमीत ते लवकरच सुकतात. हे काम रिपेअरवाल्याचं. भिंतीत कुठलाही डबा लावून ते जाणार नाही.

तारा काढल्यावर शांत झालं, तर आता एकेक तार परत लावा, दर वेळी अ‍ॅम्प्लिफायर बंद करून. माझ्याकडे टर्नटेबल लावलं, शांत. डॅक लावला, शांत. टीव्हीकडून येणारी तार लावली आणि ‘हूंऽऽ’. मग टीव्ही तसाच ठेवून सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची जाड गोल वायर उपसली. गुरगुर जागच्या जागी थांबली. तीन वर्षांनी, दहा मिनिटांत.

कारण सरळ आहे. केबलवाल्याच्या तारेची बाहेरची जाळी रस्त्यावरच्या खांबावरून, चार घरांच्या गच्च्यांवरून येते आणि भलतीकडेच कुठेतरी अर्थ झालेली, म्हणजे जमिनीला जोडलेली असते. आपल्या घराचा अर्थ वेगळा. या दोन अर्थांमध्ये दोन-चार व्होल्टचा जरी फरक असला, तरी तो आपल्या ऑडिओच्या तारेच्या जाळीतून वाहतो, आणि अ‍ॅम्प्लिफायर त्यालाच संगीत समजून मोठं करतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. लॅपटॉप चार्जरवर असताना गुरगुर आणि चार्जर काढल्यावर शांत, असं होत असेल तर तीही याचीच बहीण.

पण मग उन्हाळ्यातच का? आणि रात्रीच का? इथे मीटर लागतं.

वहीतले आकडे

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. मी आठ दिवस वहीत मांडलं. पहाटे २३८, दुपारी अडीचला २१०, रात्री साडेनऊला २१४, रात्री दोनला २४८. नियमाने २३० च्या सहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४ मिळायला हवेत. म्हणजे माझी लाइन काठावरची, पण भयंकर म्हणावी अशी नाही.

खरी गंमत एसी लावल्यावर दिसली. रात्री ऑडिओच्या सॉकेटवर २१४ होते. दीड टनाचा एसी लावला, ७ अँपिअरच्या आसपास ओढ, आणि सॉकेटवर २०४. इलेक्ट्रिशियन भाऊंना बोलावून त्याच वेळी खाली मेन स्विचच्या आधी मोजायला लावलं. तिथे एसीशिवाय २१६ आणि एसीसकट २१३. म्हणजे रस्त्यावरून येणारी लाइन तीनच व्होल्ट पडत होती. उरलेले सात व्होल्ट माझ्या घरातच कुठेतरी जात होते.

हिशोब करून पाहा. मेन स्विचपासून वरच्या बोर्डापर्यंत ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, अंतर बारा मीटर, जाऊन-येऊन चोवीस. अशा तारेचा रोध किलोमीटरला ४.६ ओहम, म्हणजे इथे ०.११ ओहम. सात अँपिअरला एक व्होल्टही पडायला नको. पडतात सात. उरलेले सहा व्होल्ट गुणिले सात अँपिअर म्हणजे बेचाळीस वॅट. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न असतं ना, तशी जवळजवळ दोन आयर्न माझ्या भिंतीत कुठल्यातरी जॉइंटवर तापत होती.

मेन बंद करून भाऊंनी जुन्या लोखंडी पेटीचं झाकण उघडलं. न्यूट्रलच्या पितळी पट्टीवरचा स्क्रू काळाठिक्कर, त्याखालची तार भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी. बोटाने हलवली तर हलली. भाऊ म्हणाले, “इथं न्यूट्रल जळून राहिला तुमचा, अन् तुम्ही वर डबे लावून राहिले जी!”

हे फक्त ऑडिओचं प्रकरण नाही. घरात तीन फेज असतील आणि मेनचा न्यूट्रल सुटला, तर एखाद्या फेजवर तीनशेच्या वर व्होल्टेज चढतं आणि टीव्ही, फ्रिज, राऊटर एका रात्रीत जातात. दिवे एका खोलीत मंद आणि दुसऱ्या खोलीत अचानक झगझगीत दिसले, तर ऑडिओ वगैरे विसरा, आधी मेन बंद करा. आणि हे झाकण स्वतः उघडू नका. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या आधीची टर्मिनल जिवंतच असतात.

न्यूट्रल नीट केला. रात्री अ‍ॅम्प्लिफायर बंद पडणं थांबलं. माझा रिलेवाला स्टॅबिलायझर का खटखटत होता, तेही कळलं. दर वेळी एसीचा कंप्रेसर उठला की ढिल्या जॉइंटवर व्होल्टेज पडायचं, मग स्टॅबिलायझर एक टॅप (टप्पा) वर जायचा, आणि कंप्रेसर थांबला की परत खाली. बिचारा त्याचं काम करत होता.

अर्थिंगचा खड्डा आणि काळी माती

आता गुरगुरीचं मूळ. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला हात लावला की मला झिणझिण्या यायच्या, आणि मी त्या उन्हाळ्याच्या कोरड्या हवेवर ढकलायचो. मीटरने स्क्रू ते न्यूट्रल मोजलं तर शंभरेक व्होल्ट. असा अर्ध्या व्होल्टेजच्या आसपासचा आकडा दिसला की समजावं, यंत्राला अर्थच मिळत नाहीये. आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे पेटी अधांतरी तरंगत असते. कारण सापडलं ते लाजिरवाणं होतं. परदेशी पिनेच्या प्लगला मी जो अ‍ॅडॉप्टर लावला होता, त्याच्या आत अर्थची पट्टीच नव्हती. बर्डीच्या बाजारातून घेतलेला, दिसायला तीन पिनांचा, कामाला दोन पिनांचा. अर्थवाला चांगला अ‍ॅडॉप्टर लावला आणि झिणझिण्या गेल्या.

पण गुरगुर वाढली! इथेच लोक घाबरून अर्थची पिन कापतात. तसं करू नका, हात जोडून सांगतो. गुरगुर वाढली कारण आता घराचा अर्थ आणि केबलवाल्याचा अर्थ समोरासमोर आले. उपाय अर्थ तोडण्यात नाही, सिग्नलच्या तारेतला लूप तोडण्यात आहे. ज्या गावात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, तिथे अर्थ कापून ‘क्लीन साउंड’ मिळवणं म्हणजे वेडेपणा आहे.

उन्हाळ्याचं कोडं अंगणात सुटलं. आमच्याकडची काळी माती मे महिन्यात आटून भेगाळते, आणि अर्थिंगच्या पाइपापासून अक्षरशः बाजूला सरकते. त्यातच कूलर, एसी, फ्रिज, सगळ्यांची थोडीथोडी गळती त्याच पाइपात. रात्री सगळं चालू असलं की घराचा अर्थ काही व्होल्ट वर उचलला जायचा, केबलवाल्याचा मात्र जागेवरच. न्यूट्रल ते अर्थ मोजलं तर रात्री ११ व्होल्ट. मी दोन-तीनच्या वर सुखावत नाही. पावसाळ्यात माती भिजली की खड्डा आपोआप सुधारायचा, आणि मला वाटायचं कंडिशनर ‘सेट’ झाला.

खड्ड्यात पुन्हा मीठ-कोळसा भरून घेतला. आणि एक जुगाड केला, ज्याचा मला या सगळ्यात सर्वात जास्त अभिमान आहे: कूलरचं जे खारट झालेलं पाणी आपण दर दोन-तीन दिवसांनी सोडून देतो, त्याची नळी अर्थिंगच्या खड्ड्यात सोडली. उन्हाळाभर खड्डा ओला. न्यूट्रल नीट झाला आणि खड्डा भिजला, तेव्हा तेच ११ व्होल्ट २ वर आले.

राहिलेली गुरगुर टीव्ही आणि डॅकमध्ये ऑप्टिकल तार लावून संपवली. त्या तारेतून प्रकाश जातो, वीज जात नाही, म्हणून लूप होऊच शकत नाही. टीव्हीला ऑप्टिकल आउट नसेल तर केबलच्या गोल तारेत बसवायचा आयसोलेटर मिळतो, किंवा लाइन लेव्हलच्या तारेत एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालता येतो.

कूलरच्या ‘टक्’वर पंपाच्या स्विचला समांतर एक स्नबर (ठिणगी दाबणारी जोडी) लावला. ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-टू वर्गाचा (थेट मेन लाइनवर चालणारा) कपॅसिटर आणि त्याला मालिकेत १०० ओहमचा रेझिस्टर. एका प्लेट तर्री-पोह्याच्या पैशात काम झालं. कपॅसिटर मात्र एक्स-टूच हवा, साधा लावला तर पेटू शकतो.

मग डबे घ्यायचेच नाहीत का?

घ्या, पण आपल्या आकड्यांना जो लागू होतो तोच. माझ्या घरातले आणि मित्रांच्या घरातले पाहून जे मत झालं ते असं.

पॉवर कंडिशनर म्हणून जे विकलं जातं, त्यात बहुतेक वेळा कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो. तो हजारो हर्ट्झच्या वरचा खरखराट दाबतो: एलईडी दिवे, चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांनी सोडलेला. ५० आणि १०० हर्ट्झला तो हातही लावत नाही, लावला तर यंत्राला वीज कशी मिळेल? म्हणून माझी गुरगुर तिथून सुखरूप पार व्हायची. पंखा अर्ध्यावर ठेवला की तुमच्या स्पीकरमध्ये बारीक ‘झिंऽऽ’ येत असेल, तर कंडिशनरचा उपयोग आहे. मात्र आधी पंख्याचा रेग्युलेटर बदलून पाहा, स्वस्त पडेल.

स्टॅबिलायझरचा प्रश्न यंत्राच्या आत काय आहे त्यावर ठरतो. मागे १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असेल, तर आत एसएमपीएस (मोबाइल चार्जरसारखा इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय) आहे आणि तो स्वतःच स्टॅबिलायझर आहे. डॅक, स्ट्रीमर, बरेचसे क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायर यात येतात. फक्त २३० लिहिलेलं आणि उचलताना कंबर दुखत असेल, तर जुना ट्रान्सफॉर्मर. त्यातही आवाजासाठी घाबरू नका. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर जास्तीत जास्त ताकद एकोणीस टक्के कमी होते, म्हणजे एक डेसिबलपेक्षाही कमी. कानाला कळत नाही. १७० व्होल्टला मात्र अडीच डेसिबलच्या वर जातात. हुडकेश्वरच्या पुढे नव्या लेआउटमध्ये माझा एक मित्र राहतो, त्याच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी १७५ दिसतात. त्याला सर्वो हवाच होता. माझा त्यालाच दिला.

रिले की सर्वो? रिलेवाला टप्प्याटप्प्याने उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला एक क्षण खंड पडतो. सर्वोत मोटरने कार्बन ब्रश फिरतो, आउटपुट गुळगुळीत, पण अचानक आलेल्या झटक्याला तो पोहोचेपर्यंत झटका निघून गेलेला असतो. दोन्हीत ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे आयसोलेशन शून्य.

खरं आयसोलेशन हवं असेल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, दोन वाइंडिंगमध्ये तांब्याची शील्ड असलेला. न्यूट्रल आणि अर्थमधला कचरा कमी करायला याहून चांगलं काही नाही. भाराच्या दुप्पट व्हीएचा (क्षमतेचा) घ्या आणि टर्नटेबलपासून निदान मीटरभर लांब ठेवा, नाहीतर त्याचीच गुरगुर टर्नटेबलच्या सुईवरच्या कार्ट्रिजमध्ये शिरेल. जोडणी जाणकाराकडून करून घ्या. दुसऱ्या बाजूचा न्यूट्रल अर्थला बांधला नाही, तर त्यापुढे लावलेली आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नीट काम करणार नाही. व्होल्टेज मात्र तो सुधारत नाही, १९० आत तर १९० बाहेर.

ऑनलाइन यूपीएस हे सगळंच करतो असं सांगतात, आणि बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण त्याचा पंखा सतत घोंघावतो, आणि बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. नागपुरात एसी नसलेल्या खोलीत ठेवाल तर बॅटरीवाल्याशी ओळख वाढेल. घरगुती इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्ह असेल तर लाइट गेल्यावर गाणं ऐकायचा मोह आवरा. ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प्लिफायर त्यावर कण्हतो.

आणि ज्यावर कुणी बोलत नाही पण मी आधी पैसे घालीन, अशा दोन गोष्टी. एक, हाय-लो कट, जो व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की लाइन तोडतो आणि परत आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून जोडतो. सुटलेल्या न्यूट्रलवर ऐन वेळी तोच कामाला येतो. स्पाइक गार्ड नाही, कारण त्यातली एमओव्ही, म्हणजे झटका शोषणारी चकती, क्षणिक झटक्यासाठी असते. तीनशे व्होल्ट सलग आले तर ती स्वतःच तापून जळते. दोन, मुख्य बोर्डात टाइप-टू सर्ज प्रोटेक्टर. पण तो झटका जमिनीत पाठवतो, म्हणून खड्डा कोरडा असेल तर तो शोभेचा. आणि अवकाळीचे ढग गडगडू लागले की प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवणं, याला अजून तरी पर्याय पाहिला नाही.

सध्या माझ्याकडे बोर्डापासून ऑडिओसाठी वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची लाइन आहे, त्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि हाय-लो कट. कंडिशनर राऊटरला लावलाय, चकचकीत पॅनलसकट.

एक तक्रार मात्र उरली आहे. रात्री बारानंतर व्होल्टेज २४५ च्या वर गेलं की अ‍ॅम्प्लिफायरची पेटी स्वतः मंद गुणगुणते. स्पीकर शांत, पेटी बोलते. थोडं कारण चढलेलं व्होल्टेज, गाभा काठावर येतो. पण काही रात्री २४० लाही गुणगुणते, आणि मग दहा-पंधरा मिनिटांनी एकदम थांबते. हा लाइनवर चढलेल्या डीसीचा, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा, नमुना आहे. डायोडवर अर्ध्या ताकदीने चालणारा हेअर ड्रायर किंवा तसलं काही आजूबाजूला लागलं की अर्धा-एक व्होल्ट डीसी येतो आणि टोरॉइडला तेवढाही पुरतो. मध्यरात्री केस वाळवणारं शेजारी कोण, ते अजून सापडलेलं नाही. डीसी ब्लॉकरचे कपॅसिटर आणि ब्रिज आणून ठेवलेत. या रविवारी बसवून मीटर लावतो.